द्राक्षमळ्यांतील पाणंद

गोदावरीच्या अवतरणाची कथा वाचकांस परिचितच आहे. ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींनी धान्य पिकविले. त्या शेतात एक गाय शिरली. ऋषींनी दर्भाने तिला हाकलले, तो ती गतप्राण झाली. आणि त्या पातकाच्या क्षालनार्थ तप करून त्यांनी गंगेस दक्षिणेत आणिले. भाविकांस या कथेचा मोठा अर्थ ठाऊक आहेच. वकिलीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्यास मात्र तीत एक चिरपरिचित तंटाही दिसतो. दुसऱ्याच्या शेतात कोणी, कोठून आणि कोणत्या हक्काने शिरावे, हा तो तंटा होय.

गेल्या माघात त्याच गोदावरीच्या खोऱ्यात, निफाड तालुक्यात, एका नाशिककर स्नेह्यांसमवेत सायकलीवरून हिंडण्याचा योग आला. डांबरी सडक सोडून आम्ही मुरमाच्या वाटेस लागलो, आणि मोटारींचा कोलाहल मागे पडला. दोन्ही अंगांस द्राक्षांचे मांडव, मध्ये गाडीच्या चाकोऱ्या, अधूनमधून एखादी बाभळ. पुढे नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कडवा यांच्या संगमावर ब्रिटिश अमदानीत घातलेला बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात दूरदेशीची पाखरे उतरतात. या जलाशयास रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले, आणि तो मान मिळविणारे महाराष्ट्रातील ते पहिलेच स्थळ ठरले. अशा वाटेने सायकल हाकण्याचे सुख काय वर्णावे! परंतु ही वाट आली कोठून, आणि ती आजवर टिकली कशी, हा प्रश्न मला त्या सुखाहून अधिक रंजक वाटला.

द्राक्षे या प्रदेशास नवी नव्हेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात अशी नोंद त्याने केली. नाशिकच्या जुन्या बागांत भोकरी, फकडी, साहेबी, हबशी अशा जाती असत, आणि वेल चढविला जाई तो पांगाऱ्याच्या जिवंत झाडावर. बागा लहान होत्या. भोवती बाजरी, गहू, हरभरा. सुगी सरली की रान मोकळे होई आणि ज्येष्ठापर्यंत गाडी कोठूनही जाई. वाटेची खरी गरज पावसाळ्यात व उभ्या पिकात, तेवढ्यापुरती पाणंद.

मुंबई इलाख्याच्या मोजणीदारांनी याच वाटा कागदावर उतरविल्या. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. गावाच्या नकाशावर तुटक दुहेरी रेषा दिसली की ती गाडीवाट समजावी, आणि तुटक एकेरी रेषा म्हणजे पाऊलवाट. गाडीवाटेची रुंदी साधारणतः साडेसोळा फुटांपासून, म्हणजे अर्ध्या साखळीपासून, धरतात. एवढ्या किरकोळ दिसणाऱ्या ठिपक्यांवर पुढे केवढे खटले उभे राहिले, हे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारेच जाणोत!

मग मांडव आले. येथे आम्हां हैदराबादकरांचाही हात आहे. आमच्या शहराभोवती एकेकाळी अनाबेशाही द्राक्षांचे विस्तीर्ण मळे होते; टपोऱ्या, फिकट हिरव्या मण्यांची ही जात येथून महाराष्ट्रात गेली आणि तेथे तिने बरीच वर्षे राज्य केले. पुढे बिनबियांच्या थॉमसनने तिला मागे सारले. आमचे मळे शहराने गिळले. त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटा कोठे होत्या हे आज सांगणेही कठीण. नाशिककडे मात्र द्राक्ष वाढतच गेले, आणि २००१ च्या शासकीय धोरणानंतर मद्यासाठी लावलेल्या द्राक्षांच्या रांगा गंगापूर धरणाच्या परिसरापर्यंत पसरल्या. तारेचा मांडव बाजरीसारखा सुगीला निघत नाही. तो पंधरा-पंधरा वर्षे उभा राहतो, त्यास ताण द्यावा लागतो, आणि ताणाचे खांब नेमके बांधावर येतात. बांधापलीकडे पाणंद असते.

आमचीही वाट एका ठिकाणी अशीच संपली. आडवे काटेरी तार, त्यामागे खांबांची नवी रांग. शेजारच्या रानात एक वृद्ध शेतकरी काडी वेचीत होते. ते म्हणाले, "दादा, बाजरी व्हती तवर गाडीला कुनी आडवलं न्हाई. आता माज्या मालाचा टेम्पो दोन कोस फिरून जातो." आम्हांस सायकली खांद्यावर घेऊन मागे फिरता आले, त्यांस ती सोय नाही.

कायदा याबाबतीत मुका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २० अन्वये सार्वजनिक रस्ते व वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. कलम १४३ बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदाराकडे सोपविते. वहिवाटीची वाट अडविल्यास १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ धावून येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा गुदरला पाहिजे. तो काळ गेला की दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता. खेड्यातला माणूस शेजारधर्म म्हणून गप्प बसतो, आणि सहा महिने सरतात. कालव्याच्या भरावावरून जाणारी वाटही सायकलीस उत्तम. परंतु ती पाटबंधारे खात्याची, तेथे आपण परवानगीचे पाहुणे. पाणंदीवर आपण हक्काचे वाटसरू असतो.

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात १९९७ साली झिव्री ते क्लुनी या जुन्या लोहमार्गाच्या जागी सायकलींचा मार्ग झाला, तोही द्राक्षमळ्यांच्या कडेने. आमच्या हैदराबादेतही २०२३ च्या ऑक्टोबरात बाह्य वळण रस्त्यालगत २३ किलोमीटरचा सौर छताचा सायकलमार्ग खुला झाला. सोय उत्तम, मात्र शेजारी मोटारींची गर्जना अखंड. निफाडास असे काही नव्याने बांधावयाचे नाही, आहे ते मोकळे ठेवावयाचे आहे. २०२१ पासून शेत-पाणंद रस्त्यांसाठी शासनाची मातोश्री योजना आहे. तिचा उद्देश स्तुत्य आहे, पण उद्या डांबर पडले तर मोटारीही येतील. शेतकऱ्याच्या मालास पक्की वाट हवी, तेथे सायकलस्वाराच्या शांततेचा आग्रह मी धरणार नाही. मुरूम चांगला दाबून घेतला तर दोघांचेही भागते, असे स्नेह्यांचे म्हणणे आहे.

पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरास दिंड्या जातात. त्या वृद्ध गृहस्थांच्या वाडीची दिंडी पूर्वी याच पाणंदीने निघे. या वर्षी ती डांबरी सडकेने, मालमोटारींच्या कडेकडेने गेली. परतल्यावर स्नेह्यांनी भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढून मला पाठविली. तुटक दुहेरी रेषा तीत स्पष्ट आहे. तार मार्गशीर्षात पडली, म्हणजे मुदत ज्येष्ठापर्यंत. अर्जाचा मसुदा मी करून दिला आहे. त्यावर आता त्या वृद्ध गृहस्थांची सही व्हावयाची आहे.