परभणीचा आकडा : शून्य की अनुल्लेख?

१/ मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याच महिन्यात ‘कोविड१९इंडिया’ या स्वयंसेवकांच्या उपक्रमाने राज्यांची अधिकृत आकडेवारी एकत्र करून सर्वांसाठी खुली केली. पुढे तिच्यात जिल्हेही आले, आणि त्यांत परभणीही. 🧵

२/ ही माहिती ‘जेसन’ या रूपात मिळे. तिची रचना डब्यात डबा अशी : महाराष्ट्र, त्यात जिल्हे, त्यात परभणी, त्यात बाधित, बरे झालेले आणि मृत. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास हे रूप प्रचारात आणले. २०१३ मध्ये ते ‘एक्मा’चे मानक झाले.

३/ जेसनमध्ये मूल्यांचे अवघे सहा प्रकार असतात. परंतु कोणत्या खान्यात कोणता प्रकार हवा आणि कोणते खाने अनिवार्य, हे जेसन स्वतः सांगत नाही.

४/ या उपक्रमाच्या आरंभीच्या एका संचिकेत राज्यांचे आकडे अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून होते. जावास्क्रिप्टमध्ये असे ‘१२’ आणि ‘३’ मिळवले, तर उत्तर १५ नव्हे, १२३ येते. चूक घडते, पण कार्यक्रम थांबत नाही.

५/ यावरील उपायाचे मूळ जेसनहून बरेच जुने आहे. रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिनबरा येथे ‘एमएल’ ही भाषा घडवली. मूल्याचा प्रकार आधी निश्चित झाला पाहिजे, हा तिचा दंडक. प्रकारबद्ध फलनाधिष्ठित भाषांची परंपरा त्यावर वाढली.

६/ १९८५ मध्ये फिलिप वॅडलर यांनी लहान लहान वाचक जोडून मोठा वाचक कसा रचावा, हे दाखवले. १९९० मध्ये ‘हॅस्केल’ आली. मूल्य ‘आहे’ किंवा ‘नाही’, या दोन्ही शक्यता तिथे प्रकारातच नोंदवता येतात.

७/ एव्हान झाप्लिकी यांच्या ‘एल्म’ भाषेत (२०१२) हे धागे एकत्र आले. तिथे ‘बाधित’ हा पूर्णांक वाचणारा एक डिकोडर. तसे तीन जोडले की जिल्ह्याचा. जिल्ह्यांचे जोडले की राज्याचा. आकड्याच्या जागी मजकूर आढळला, तर वाचन तिथेच थांबते आणि महाराष्ट्र, जिल्हे, परभणी, बाधित असा चुकीचा नेमका मार्ग सांगितला जातो.

८/ सर्वांत नाजूक प्रश्न अनुपस्थितीचा. काही जिल्ह्यांच्या नोंदीत त्या दिवसाचा बदल सांगणारे खानेच नसे. त्याचा अर्थ ‘एकही मृत्यू नाही’ असा घ्यावा, की ‘माहिती आलेली नाही’ असा? डिकोडर याचे उत्तर देत नाही; ते लिहिणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते आणि उघडपणे नोंदवावे लागते.

९/ ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी हा उपक्रम थांबला. त्या संचिका आता इतिहासाची साधने आहेत. परभणीचा महामारीकाळ उद्या जो लिहील, त्याला शिलालेखाच्या तुटलेल्या ओळीप्रमाणेच इथलाही रिकामा खाना वाचावा लागेल. तुटलेल्या ओळीत तिथे काहीच कोरले नव्हते, असे अभ्यासक मानत नाही. रिकाम्या खान्यातही शून्य गृहीत धरता येणार नाही.