बाई गेल्यावर

बाल्टिक समुद्राकाठचे श्ट्राल्झुंड शहर, समोरचे र्‍यूगेन बेट आणि भोवतालची गावे मिळून जर्मन संसदेचा एक मतदारसंघ होतो. त्याचे नाव नि सीमा बदलत गेल्या. मला कुतूहल आहे ते तिथल्या मतदाराचे.

जर्मनी एक झाल्यावरची पहिली निवडणूक २ डिसेंबर १९९० रोजी झाली. ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या उमेदवार अंगेला मेर्केल. शिक्षणाने पदार्थविज्ञानाच्या, त्या भागाला परक्याच. महिनाभर आधी लोब्बे गावी कोळ्यांच्या खोपटात बसलेल्या बाईंचे छायाचित्र पुढे फार गाजले. बाई निवडून आल्या, आणि २०१७ पर्यंत लागोपाठ आठ वेळा! १९९८ साली पक्षाची देशातली सत्ता गेली. ही जागा राहिली.

जर्मन मतदाराला दोन मते असतात, एक उमेदवारासाठी, दुसरे पक्षासाठी. म्हणून ही मते पक्षाची नव्हेत, बाईंची, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण २०१३ चे ५६ टक्के २०१७ मध्ये ४४ वर आले, ते बाई उभ्या असतानाच. आणि दुसरा आला अतिउजवा ‘आल्टरनाटिव्ह’ पक्ष. २०२१ मध्ये बाई उभ्या राहिल्या नाहीत. जागा समाजवादी लोकशाही पक्षाने जिंकली, तीही पाव हिश्श्याहून कमी मतांवर. २०२५ मध्ये ती ‘आल्टरनाटिव्ह’कडे गेली.