नाथसागराचे अनेक धनी

जालन्यात कादराबादच्या पश्चिमेस जमशेदखानाने मोती तलाव बांधविला आणि भुयारी नळांनी त्याचे पाणी शहरातील हौदांत आणून सोडले; तलाव बांधणारा आणि पाणी वाटणारा अंमलदार एकच असल्यामुळे, फिर्याद कोणाकडे न्यावी, हा प्रश्न रयतेला फारसा पडला नसावा.

अंबड, घनसावंगी या तालुक्यांचे दैव पुढे ज्या जलाशयाशी जोडले गेले, त्या पैठणच्या नाथसागराची गोष्ट निराळी आहे. धरण मुळात बीड जिल्ह्यातील जायकवाडीजवळ योजिले होते. जागा बदलली तरी धरणाचे नाव जायकवाडीच राहिले, कारण सरकारी दप्तरात एकदा चढलेले नाव सहसा उतरत नाही! १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले, आणि २०८ किलोमीटरचा डावा कालवा ज्या मुलखातून गेला त्यातील काही भागाचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला.

पाणी आणि भिंत पाटबंधारे खात्याची. नमुना नंबर सातचा अर्ज भरून, पाणीपट्टीची थकबाकी चुकती करून शेतकरी पाटकऱ्याकडे आवर्तनाची चौकशी करतो, तो याच खात्याच्या अंमलाखाली. पण १९८६ साली जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि त्याच पाण्यावर वनखात्याची हद्द आली. मासेमारीचा व्यवहार मत्स्यव्यवसाय खात्याकडे, तर शहरांचे पिण्याचे पाणी त्या त्या पालिकांकडे. या वाटणीतली अडचण उन्हाळ्यात दिसते. पाणी ओसरून उघडी पडलेली काळीभोर गाळपेर जमीन पाटबंधारे खात्याच्या लेखी भाडेपट्ट्याने देण्याजोगी असते, आणि नेमका तोच ओला काठ, चिखलात चोच खुपसून किडे वेचणाऱ्या पाणपक्ष्यांचे अन्नछत्र असल्यामुळे, वनखात्याच्या लेखी राखण्याजोगा असतो. पीक आले की फवारणी आली, आणि फवारणीचे विष पाण्यात उतरले की दोन्ही खात्यांचे कागद नियमानुसारच असतात.

१९९८ साली गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आणि २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, असे आणखी दोन अधिकारी या पाण्यावर बसले. त्यांपैकी प्राधिकरणाने मात्र एक खरे काम केले. गोदावरीच्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे २०१४ साली त्याने वरच्या धरणांची जबाबदारी ठरविली: १५ ऑक्टोबरला नाथसागरात उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर नाशिक-नगरकडील धरणांतून ते सोडावे. दरवेळी त्यावर कोर्टकज्जे होतात, हे खरे. तरी पूर्वीच्या मोघम आश्वासनांहून ही तजवीज निश्चितच बरी आहे.