माणसाची गोळी, घोड्याचे यकृत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांतील कित्येक तबेल्यांत, दम्याने धापा टाकणाऱ्या घोड्यांना माणसांसाठी बनलेल्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चारल्या जात. गोळी स्वस्त होती, सहज मिळे, आणि तिने गुण येतो असा मालकांचा अनुभव होता. २००२ मध्ये उघड झाले, की तिच्यातले औषध घोड्याच्या रक्तात जेमतेमच पोहोचत होते. मग गुण कशाने येत होता? हा थ्रेड त्याविषयी.

आरंभ माणसांच्या दवाखान्यात आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या चमूने संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर चेहऱ्यावर येणारी सूज, ढळणारी मनःस्थिती आणि औषध थांबवताच परतणारे दुखणे हेही रुग्णांत दिसू लागले होते.

खरा प्रश्न पुरवठ्याचा होता. मर्क कंपनी हे द्रव्य बैलांच्या पित्तापासून, तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून बनवीत असे. प्रारंभी एका ग्रॅमला सुमारे २०० डॉलर पडत. या भावात पाचशे किलोच्या जनावराचा विचार कोण करणार? मार्ग निघाला तो मेक्सिकोच्या जंगलातून. रसेल मार्कर यांनी तिथल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवून दाखवले होते. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी त्याच प्रोजेस्टेरॉनवर ऱ्हायझोपस ही बुरशी सोडली. शिळ्या पावावर उगवते तिच्याच कुळातली. रसायनशास्त्रज्ञांना ज्या पायरीने जेरीस आणले होते, ती बुरशीने सहज पार केली. भाव कोसळले. १९५५ मध्ये शेरिंग कंपनीने प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन ही जुळी औषधे बाजारात आणली.

त्याच वर्षी अमेरिकी पशुवैद्यकीय नियतकालिकात घोड्यांच्या सांध्यांत हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. शर्यतीच्या जगाने ही सुई किती आवडीने उचलली आणि त्यात किती सांध्यांची कूर्चा झिजली, तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.

गोळीची कथा याहून चमत्कारिक आहे. प्रेडनिसोन स्वतः निष्क्रिय असते. यकृताने त्याचे प्रेडनिसोलोन केले, तरच ते काम करते. माणसाचे यकृत हे विनासायास करते. घोड्याचेही करील, असे सर्वांनी धरून चालले. अखेर २००२ मध्ये संशोधकांनी घोड्यांना दोन्ही औषधे देऊन रक्त तपासले. प्रेडनिसोलोनची गोळी दिली की ते रक्तात भरपूर सापडे. प्रेडनिसोन दिले, तर स्वतः प्रेडनिसोन नाममात्र, आणि सक्रिय द्रव्य क्वचितच. साडेचार दशके नावातला एवढासा फरक कोणाला खटकला नव्हता.

गुणाचे उत्तर मात्र त्याआधी दोन वर्षे, २००० मधील एका प्रयोगात मिळाले होते. घोड्याचा दमा मुख्यतः वाळलेल्या गवतातील धूळ आणि बुरशी यांमुळे बळावतो. म्हणून पशुवैद्य गोळीबरोबर बजावत असत, की गवत बदला, मोकळी हवा द्या. प्रयोगात निव्वळ परिसर बदलल्याने घोडे सुधारले. प्रेडनिसोनने त्यात फारशी भर घातली नाही. श्रेय मिळाले गोळीला, काम केले मोतद्दाराने. ज्या तबेल्यात गवत बदलले गेले नाही, तिथला घोडा गोळ्या खाऊनही गुदमरतच राहिला, आणि मालकाला वाटे की उपचार चालू आहेत.

दुष्परिणामांचा इतिहासही असाच वळणाचा आहे. स्टेरॉइडने लॅमिनायटिस होतो, ही भीती पशुवैद्यकात खोल रुजली आहे. या व्याधीत खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडणारे पापुद्रे सुजतात, सुटतात. घोडा उभा राहू शकत नाही, आणि पुष्कळदा त्याला मारावे लागते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात निरोगी तट्टांच्या रक्तात केवळ इन्सुलिन दीर्घकाळ चढे ठेवले, तर त्यांनाही लॅमिनायटिस झाला. स्टेरॉइड इन्सुलिन वाढवते, तेव्हा भीती निराधार नव्हती. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रेडनिसोलोन घेणाऱ्या घोड्यांत हा आजार इतरांहून अधिक आढळला नाही. धोका सरसकट नसून, ज्यांचे इन्सुलिन आधीच बिघडले आहे अशा, बहुधा लठ्ठ किंवा वृद्ध घोड्यांकडे तो अधिक झुकलेला दिसतो.

त्यामुळे आता अशा घोड्यांत औषधाआधी इन्सुलिन तपासून घेतले जाते. प्रेडनिसोलोन सकाळी एकदा, लागेल तेवढेच देतात, आणि दीर्घ उपचारानंतर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावते. गवत मात्र पाण्यात भिजवून किंवा वाफवूनच पुढे टाकायचे.