पिंक फ्लॉइड : वॉटर्स–गिलमर वाद

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक संगीतगटातील रॉजर वॉटर्स (६ सप्टेंबर १९४३– ) आणि डेव्हिड गिलमर (६ मार्च १९४६– ) या दोन प्रमुख सहकाऱ्यांमध्ये गटाच्या संगीताचे खरे कर्तेपण कोणाकडे जाते, या प्रश्नावरून उद्‌भवलेला दीर्घकालीन वाद. रॉक संगीताच्या इतिहासात गट फुटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत; तथापि संगीत म्हणजे नेमके काय, हा मूलभूत प्रश्न इतक्या स्पष्टपणे पुढे आणणारा दुसरा वाद क्वचितच आढळेल.

गटाची स्थापना लंडन येथे १९६५ साली झाली. वॉटर्स, ड्रमवादक निक मेसन व कळफलकवादक रिचर्ड राइट हे तिघे रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निक या संस्थेत वास्तुकलेचे विद्यार्थी होते. चौथा सदस्य सिड बॅरेट हा वॉटर्सप्रमाणेच केंब्रिजमध्ये वाढलेला होता. आरंभीची बहुतेक गीते त्याचीच. मानसिक अस्वास्थ्यामुळे त्याला काम करणे अशक्य होऊ लागले, तेव्हा त्याचा केंब्रिजमधील मित्र गिलमर यास १९६८ च्या प्रारंभी गिटारवादक म्हणून घेण्यात आले व काही महिन्यांतच बॅरेट गटाबाहेर पडला. मुख्य गीतकार गेल्यामुळे निर्माण झालेली पोकळी पुढील काही वर्षांत प्रामुख्याने वॉटर्सने भरून काढली.

दोघांचे पिंड परस्परांहून भिन्न होते. गिलमरचा गळा मुलायम आणि गिटारवादन संथ, गायकी अंगाचे. थोड्या स्वरांत भाव उभा करणे हे त्याचे वैशिष्ट्य. वॉटर्स बेस गिटार, म्हणजे मंद्र स्वरांची गिटार वाजवीत असे. केवळ वादक म्हणून ओळखले जाण्यात त्याला विशेष रस नव्हता. त्याचे लक्ष गीतांचा आशय, त्यांचा क्रम आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिकेला व्यापणारी एकच कल्पना यांवर असे. गिलमर व राइट आपणास संगीतात कच्चा समजत, अशी तक्रार त्याने पुढे अनेकदा केली. याउलट, त्या दोघांजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, असा त्याचा प्रत्यारोप होता. त्याच्या नावे असलेल्या बेस गिटारचे काही भाग ध्वनिमुद्रणात गिलमरने वाजविले आहेत, हे खरे आहे. ‘द वॉल’ मधील ‘हे यू’ हे त्याचे एक उदाहरण.

परंतु प्रत्यक्ष रचना तपासल्यास ही सरळ विभागणी टिकत नाही. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) या ध्वनिमुद्रिकेतील ‘मनी’ हे गीत वॉटर्सच्या एकट्याच्या नावावर आहे. त्याचा पाया असलेली बेस गिटारची आकृती सात मात्रांच्या आवर्तनात बांधलेली असून रॉक संगीतात असे आवर्तन विरळाच आढळते. ही सांगीतिक कल्पना गटातील तथाकथित ‘असांगीतिक’ सदस्याची होती. गिलमरच्या गिटारवादनाची पाळी येते तेथे मात्र आवर्तन चार मात्रांचे होते आणि त्या मोकळ्या अवकाशात गीताला वेग व उठाव मिळतो. ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) या ध्वनिमुद्रिकेतील बॅरेटच्या स्मरणार्थ रचलेल्या दीर्घ रचनेचा उगम गिलमरच्या गिटारवर सहज उमटलेल्या चार स्वरांत आहे. त्या स्वरांना बॅरेटच्या अनुपस्थितीचा अर्थ वॉटर्सच्या शब्दांनी दिला आणि त्यांभोवतीचे वातावरण राइटच्या कळफलकाने उभारले.

‘कम्फर्टेब्ली नम’ (१९७९) हे गीत या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याचा मूळ स्वरसाचा गिलमरने आपल्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या (१९७८) वेळी तयार करून ठेवला होता, शब्द वॉटर्सचे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाद्यवृंदाची साथ असलेली आवृत्ती घ्यावी की अधिक उघडी व कणखर आवृत्ती घ्यावी, यावरून दोघांत तीव्र मतभेद झाले. अखेरीस दोन्ही आवृत्त्यांतील भाग जोडून तडजोड करण्यात आली. कडवी वॉटर्सच्या आणि ध्रुपद गिलमरच्या आवाजात आहे. गटाच्या सर्वश्रेष्ठ रचनांत गणले जाणारे हे गीत अशा रीतीने भांडणातून सिद्ध झाले.

वाद विकोपास जाण्यामागे श्रेयनोंदीची व्यवस्था हेही महत्त्वाचे कारण होते. मराठी भावगीतात कवी, स्वररचनाकार आणि गायक यांची नावे बहुधा स्वतंत्रपणे दिली जातात. रॉक गटात ही सर्व कामे त्याच चार-पाच व्यक्ती करतात आणि रचना बहुधा तालमीतच आकार घेते. गीतरचनेचे मानधन मात्र ज्याचे नाव रचनाकार म्हणून नोंदले गेले त्यालाच मिळते. वादनातून रचना घडविणाऱ्यास केवळ ध्वनिमुद्रणाचा वाटा मिळतो. शिवाय ते लांबीनुसार नव्हे, तर गीतांच्या संख्येनुसार वाटले जाई. ‘अ‍ॅनिमल्स’ (१९७७) मधील ‘डॉग्ज’ हे गिलमरच्या सहकार्याने रचलेले गीत सुमारे सतरा मिनिटांचे असूनही एकच गणले गेले. वॉटर्सचे एक छोटे गीत सुमारे दीड मिनिटाच्या दोन भागांत विभागले गेल्याने दोन ठरले. ‘द वॉल’ (१९७९) मधील सव्वीस गीतांपैकी केवळ तीन गीतांवर गिलमरचे नाव आहे. वादनाला रचनेचे मोल द्यावे की नाही, हा प्रश्न गटाबाहेरही उपस्थित झाला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या राइटच्या रचनेत क्लेअर टॉरी या गायिकेने शब्दांविना उत्स्फूर्त आलाप गायिले होते. त्यासाठी तिला ३० पौंड देण्यात आले. तिने २००४ मध्ये दावा केला. २००५ मध्ये तडजोड होऊन सहरचनाकार म्हणून तिचे नाव नोंदले गेले.

या संघर्षाची झळ सर्वांत आधी राइटला बसली. ‘द वॉल’ च्या काळात वॉटर्सच्या आग्रहावरून त्याला गट सोडावा लागला आणि नंतरच्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवीत राहिला. ‘द फायनल कट’ (१९८३) मधील सर्व गीते वॉटर्सची होती. महायुद्धात अँझिओ येथे १९४४ मध्ये मारल्या गेलेल्या आपल्या पित्याच्या स्मृतीस त्याने ती अर्पण केली. तीत गिलमरचे स्थान जवळजवळ आमंत्रित वादकाचेच उरले. १९८५ मध्ये वॉटर्स गटातून बाहेर पडला आणि आपल्यावाचून गट संपुष्टात आला आहे, या भूमिकेवरून त्याने १९८६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर १९८७ मध्ये समझोता होऊन गटाचे नाव गिलमर व मेसन यांच्याकडे राहिले. ‘द वॉल’ च्या रंगमंचीय प्रयोगाचे हक्क वॉटर्सला मिळाले. हा दावा लावणे ही आपली चूक होती, असे वॉटर्सने २०१३ साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत मान्य केले.

फुटीच्या सुमारास आणि नंतर झालेली दोघांची निर्मिती हाच या वादातील सर्वांत बोलका पुरावा होय. गिलमरने ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ (१९८७) साठी बाहेरील गीतलेखकांचे साहाय्य घेतले. ‘द डिव्हिजन बेल’ (१९९४) मधील अनेक गीतांचे शब्द लेखिका पॉली सॅमसन हिच्या सहकार्याने लिहिले गेले. वॉटर्सने ‘द प्रोज अँड कॉन्स ऑफ हिच हायकिंग’ (१९८४) मध्ये एरिक क्लॅप्टन आणि ‘अम्यूज्ड टू डेथ’ (१९९२) मध्ये जेफ बेक अशा अव्वल गिटारवादकांना पाचारण केले. म्हणजे एकाला शब्दांसाठी आणि दुसऱ्याला गिटारसाठी पर्याय शोधावा लागला. ज्या गुणाचे महत्त्व प्रत्येकाने नाकारले, त्याचीच उणीव त्याला भासली.

चौघे सदस्य १९८१ नंतर प्रथमच २ जुलै २००५ रोजी लंडनमधील हाइड पार्क येथे ‘लाइव्ह एट’ या कार्यक्रमात एकत्र आले. १५ सप्टेंबर २००८ रोजी राइटचे निधन झाल्याने तो योग पुन्हा येणे अशक्य झाले. १२ मे २०११ रोजी लंडनमध्ये वॉटर्सच्या ‘द वॉल’ च्या प्रयोगात भिंतीच्या शिखरावर उभे राहून गिलमरने ‘कम्फर्टेब्ली नम’ मधील आपला भाग गायिला आणि वाजविला. हा समेट टिकला नाही. २०२३ मध्ये वॉटर्सने ‘द डार्क साइड ऑफ द मून’ नव्याने ध्वनिमुद्रित केली. गिटारची गाजलेली एकलवादने वगळून मूळच्या शब्दविरहित भागांवर त्याने स्वतःचे निवेदन घातले. आशय हाच संगीताचा गाभा, हे आपले मत त्याने जणू त्यातून मांडले.

वॉटर्सच्या दृष्टीने संगीत म्हणजे आशयाची बांधणी, तर गिलमरच्या दृष्टीने स्वराचा परिणाम. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी खऱ्या, परंतु अपुऱ्या आहेत. १९७३ ते १९७९ या काळातील रचनांत या दोन दृष्टी परस्परांना आवर घालीत आणि पूर्णत्व देत होत्या. त्यामुळे अधिक सांगीतिक कोण, या प्रश्नाचा निवाडा एका व्यक्तीच्या बाजूने देता येत नाही. २०२४ मध्ये गटाच्या ध्वनिमुद्रणांचे व नावाचे हक्क सोनी या कंपनीला विकण्यात आले. गीतरचनेचे हक्क मात्र ज्या त्या रचनाकाराकडेच राहिले. संयुक्त निर्मितीची विभागणी कागदोपत्री अशा रीतीने कायम राहिली असली, तरी ऐकणाऱ्याला त्या रचनांत ती दाखविता येत नाही.