गोडार, व्लादिमीर
(१६ मार्च १९५६ – ). स्लोव्हाक संगीतरचनाकार व संगीताभ्यासक. जन्म ब्रातिस्लावा येथे. तेथील संगीत अकादमीत देझिदेर कार्दोश यांच्याकडे रचनेचे शिक्षण; पुढे व्हिएन्नात रोमान हाउबेनश्टॉक-रामाती यांचे मार्गदर्शन. संपादन आणि अध्यापनही त्यांनी केले. जुन्या संगीताचा व्यासंग त्यांच्या रचनांतून सतत डोकावतो.

‘कॉन्चेर्टो ग्रोस्सो’ (१९८५) ही तंतुवाद्ये व हार्पसिकॉर्ड यांच्यासाठीची रचना बरोक घाट स्वीकारते, पण त्याची नक्कल करीत नाही. शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअसच्या सचित्र पाठ्यपुस्तकावरून (१६५८) त्यांनी एक ऑरेटोरिओ रचला. व्हायोला, चेलो व वाद्यवृंदासाठीच्या ‘दारिआचांगीची बाग’ या रचनेमागे जॉर्जियन कादंबरीकार ओतार चिलाद्झे यांची प्रेरणा आहे.

जगभर नाव झाले ते ‘मातेर’ या रचनामालेमुळे. आईपण हा विषय असलेल्या या रचनांत मोराव्हियन गायिका-व्हायोलिनवादक इव्हा बिटोव्हा यांचा आवाज मध्यवर्ती आहे. स्लोव्हाक अंगाई, यिडिश गीत, मरियमची स्तोत्रे आणि जेम्स जॉईसची कविता येथे एकत्र येतात. लोकगायनाचा खरखरीत पोत आणि बरोक वाद्यमेळ यांतले अंतर गोडार बुजवत नाहीत. रचनेची ताकद त्यातच आहे. २००६ मध्ये ईसीएम कंपनीने ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. संगीतरचनाकार पेर्त आणि गुरेत्स्की यांच्याशी होणारी तुलना स्वाभाविक असली, तरी गोडार यांचा लोकसंगीताकडील ओढा त्यात निसटतो.

दिग्दर्शक मार्तिन शूलिक यांच्या ‘झाहराडा’ (१९९५) आदी चित्रपटांनाही त्यांचे संगीत आहे.