पाल्याला कोणती माशी? तापीकाठची एक नोंद

पलसाण्यातून मिंढोळा ओलांडून सुरतेकडे निघालं, की तासाभरात आपण तापीवर पोचतो. मंडळात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशासाठी साहेब लोक गळाला कोणती 'माशी' बांधत? म्हणजे पिसं, दोरा आणि चंदेरी तार गुंडाळून केलेली छोट्या माशाची नक्कल.

उत्तर माशागणिक बदलतं. तापी-नर्मदेत चढणारा खरा प्रवासी म्हणजे पाला, बंगाल्यांचा इलिश. गुजरातीत नराला पालवा म्हणतात, मादीला मोदेण. हॅमिल्टनने १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा मासा पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो, छोट्या माशांच्या मागे धावत नाही. त्यामुळे इथे निवड माशीची नव्हती, जाळ्याची होती : आस केवढा, भरती कोणती, पाणी किती गढूळ.

माशीचा खेळ रंगला तो महाशीरवर. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला 'खुद्री' हे नाव दिलं. एच. एस. थॉमसचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली आलं, आणि गळवाल्या साहेबांना जणू पोथीच मिळाली. महाशीर समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात अंडी घालायला वरच्या ओढ्यांकडे चढतो आणि पाणी ओसरलं की खाली येतो. तेव्हा तो संगमावर दबा धरून बसतो, कारण ओढ्यातून चिल्व्यासारखे छोटे मासे वाहत येतात. म्हणून नक्कल त्यांचीच करायची : पोट चंदेरी, पाठ काळपट, लांबी त्या हंगामातल्या पिलांएवढी. गढूळ पुरात माशी दिसतच नाही, तेव्हा पाणी निवळेपर्यंत थांबायचं.

हे सगळं छापून राहिलं. जाळ्याचं शहाणपण मात्र कुणी फारसं लिहिलं नाही, ते तोंडीच राहिलं. आणि दरम्यान वाटच अडली. १९५४ साली काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाईचं धरण. उकाईचं पाणी नवापूर तालुक्यापर्यंत पसरलं. पुढे सुरतेतच सिंगणपोरचा बंधारा आला आणि भरतीचं पाणी तिथेच थांबलं. शेती पिकली, शहराला पाणी मिळालं, हे खरंच. पण पाल्याला वर जायला रस्ता उरला नाही. आज नर्मदेच्या मुखाशी भाडभूतला बॅरेज उभं राहतंय, आणि तिथल्या मच्छीमारांनी या पाल्यासाठीच विरोध केला.

म्हणून माझी विनंती आहे. पलसाणा, कडोदरा, उधन्याच्या गिरण्यांत आलेली अनेक खानदेशी कुटुंबं मुळात तापीकाठचीच. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर विचारा : धरणाआधी नदीत कोणते मासे चढत, कोणत्या नक्षत्रात, आणि त्यांना धरायला कोणतं जाळं लागे? नावं त्यांच्याच बोलीत, अहिराणी असली तर अहिराणीतच, लिहून पाठवा. साहेबांच्या माशीची नोंद पुस्तकात आहे. आपल्या जाळ्याची अजून व्हायची आहे.